दाखला मिळणार नाही

स्नेहल हनवते पेणकरपाड्यातल्या वन रूम किचनमध्ये बसून मोबाइलवर गोष्टी लिहायची, पण ॲपवर तिचं नाव होतं अनुष्का सरदेसाई. पहिल्या दोन गोष्टी तिने स्वतःच्या नावाने टाकल्या होत्या. त्या कोणी उघडल्याही नाहीत. मग तिने नाव बदललं, फोटोच्या जागी चाफ्याची फांदी लावली आणि बंगल्यातल्या घटस्फोटांवर लिहायला लागली. तीन वर्षांत चाळीस हजार वाचक जमले.

मार्चमध्ये तिने पहिल्यांदा आईची गोष्ट लिहिली. इंदूबाई मूळच्या परभणीच्या. इथे बावीस वर्षं त्या एका प्रसूतिगृहात आया होत्या. एकदा त्यांनी एका दिवसाच्या बाळाला आंघोळ घालून आजीच्या हातात दिलं. आजीने आडनाव विचारलं, ऐकलं आणि त्यांच्यासमोरच बाळाला पुन्हा आंघोळ घातली.

दुसऱ्या दिवशी कमेंटचा भडिमार झाला. सरदेसाई बाईंनी आमचं दुःख विकू नये, असं लोक म्हणत होते. एकाने तर जातीचा दाखलाच मागितला. इतकी वर्षं बनवलेल्या गोष्टींना वाचक ‘किती खरं’ म्हणत होते आणि हीच तेवढी खोटी ठरली. स्नेहलला राग धड त्यांच्यावरही काढता येईना. दुसऱ्या कुठल्या सरदेसाईंनी हे लिहिलं असतं, तर तीही हेच म्हणाली असती.

संध्याकाळी ॲपच्या ऑफिसमधल्या यतीनचा फोन आला. तो गडबडून गेला नव्हता, उलट वाचक वाढले म्हणून खूश होता. तिने आपलं खरं नाव आणि ही आईचीच गोष्ट असल्याचं सांगितल्यावर त्याने लगेच मार्ग सुचवला.

“आईंना घेऊन एक व्हिडिओ टाका. त्या थोड्या रडल्या तर लोक सगळं विसरतील.”

स्नेहलने सरळ नाही म्हटलं आणि आईला ती गोष्ट वाचून दाखवली. आतापर्यंत तिचं ते धाडस झालं नव्हतं. इंदूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. गोष्टीतली आया कोपऱ्यात जाऊन रडते, तिथे त्यांनी मान हलवली.

“मी रडले नव्हते गं. पाणी लई गरम तर न्हाई ना, तेवढं बघितलं. लेकराचं काय चुकलं होतं?”

स्नेहलने तो परिच्छेद पुन्हा वाचला. खोटं फक्त नावात नव्हतं.

तिने रडण्याचा परिच्छेद काढला, पाण्यात बोट घालून बघणारी आई लिहिली. मग अनुष्काचं खातं बंद केलं आणि स्नेहल हनवते या नावाने, स्वतःचा फोटो लावून गोष्ट पुन्हा टाकली. खाली एवढंच लिहिलं: ‘तीन वर्षं नाव खोटं वापरलं, ती चूक माझी. दाखला मात्र कोणालाही मिळणार नाही.’

आठवड्याभरात एकसष्ट जणांनी ती वाचली. यतीनने दोनदा फोन केला, तिने उचलला नाही. ती आईला प्रसूतिगृहातल्या पहिल्या दिवसाबद्दल विचारत होती आणि इंदूबाई मध्येच थांबवून सांगत होत्या, “असं न्हाई, नीट लिही.”