पोस्टात न पडलेलं पाकीट

फोन वाजला तेव्हा ट्वायला हाउगन वजनकाट्याच्या खोलीत बसली होती आणि सूर्यफुलाच्या बियांनी भरलेला ट्रक काट्यावर चढत होता. नॉर्थ डकोटातला फेब्रुवारी. ट्रकवाल्याच्या मिशांवर बर्फ साचला होता.

"ट्वायला हाउगन बोलताय का?" पलीकडून एका बाईने विचारलं. तेरा वर्षांनीसुद्धा तो आवाज ट्वायलाने पहिल्या शब्दाला ओळखला.

"बोल, मार्लिस."

 पाठ केल्यासारखं मार्लिसने सांगून टाकलं. विद्यापीठाच्या काव्यलेखनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला ट्वायलाची निवड झाली होती. सहाशे अर्जांतून चार कवी घेतले होते. फी माफ, वर शिष्यवृत्ती.

"निवड करताना नावं झाकलेली असतात," मार्लिस म्हणाली. "तुझ्या कवितांच्या बाजूने सगळ्यात जास्त मीच भांडले. कुणाच्या आहेत ते नंतर कळलं."

"कळल्यावर जीव खाली-वर झाला असेल."

"ट्वायला, तू खरंच येणार आहेस?"

"न यायला काय झालं?" असं म्हणून ट्वायलाने फोन ठेवला. त्या दिवशी तिने सूर्यफुलाच्या ट्रकचं वजन गव्हाच्या रकान्यात लिहिलं.

दोघी एकाच गावच्या. एकाच चर्चच्या तळघरात बसून, एकाच थर्मासातली कॉफी पीत कविता लिहीत मोठ्या झालेल्या. पंचविशीत दोघींनी याच अभ्यासक्रमाला अर्ज करायचं ठरवलं. तेव्हा अर्ज पोस्टाने जायचे. नेमक्या शेवटच्या दिवशी ट्वायलाच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. मार्लिस धावत हॉस्पिटलात आली आणि म्हणाली, "दे तुझं पाकीट, माझ्याबरोबर टाकते. तू बाबांजवळ बस."

एप्रिलमध्ये मार्लिसची निवड झाली. ट्वायलाला नकारसुद्धा आला नाही. तिने फोन केला तर तिकडची बाई म्हणाली, तुमच्या नावाचा अर्जच पोचलेला नाही. "पोस्टवाल्यांनी हरवला असणार गं," असं म्हणत मार्लिस तिच्या गळ्यात पडून रडली होती.

मार्लिस निघून गेली. तिच्या आईने मार्लिस वापरायची ती जुनी गाडी विकायला काढली आणि ती साफ करायला ट्वायलाला बोलावलं. डिकीत, जादा चाकाच्या खाली, ट्वायलाला तिचंच पाकीट सापडलं. तिकिटं चिकटवलेली होती, त्यांवर शिक्का नव्हता. ट्वायलाने ते कोटाच्या आत घातलं, गाडी धुऊन पुसून दिली आणि कुणाला एक अक्षर सांगितलं नाही.

वडील अंथरुणाला खिळले ते अकरा वर्षं. तेवढ्या काळात मार्लिसची दोन पुस्तकं आली, आणि पुढे ती त्याच अभ्यासक्रमाची प्रमुख झाली. गावच्या वाचनालयात तिचा फोटो लागला. दुकानात कुणी ना कुणी हमखास विचारायचं, "तुझी मैत्रीण ना ती?" ट्वायला हो म्हणायची आणि मनातला डूख आणखी खोल जायचा. वडील गेल्यावर दोन हिवाळ्यांत तिने वीस कविता लिहिल्या. अर्ज एकाच ठिकाणी केला.

"कविता शिकायला दोन वर्षं?" काट्यावरचा तिचा साहेब व्हर्न म्हणाला. "धान्य तोलायला तुला दोन दिवसांत जमलं होतं."

"हेही तोलायचंच काम आहे," ती म्हणाली.

ऑगस्टमध्ये विद्यापीठात पोचल्यावर तिने मार्गदर्शकाच्या रकान्यात मार्लिस ट्वेट असं लिहिलं. पहिल्याच भेटीत, खुर्चीवर बसण्याआधी, तिने ते पाकीट टेबलावर ठेवलं.

मार्लिसच्या गळ्यावर लाल चट्टे उठले. "ट्वायला, मला माफ—"

"तो शब्द काढू नकोस. काढलास तर हे घेऊन डीनच्या खोलीत जाईन."

"मग तुला हवंय काय?"

"दर आठवड्याला एक कविता आणीन. सगळ्या तुझ्यावर. तू त्या माझ्यासमोर मोठ्याने वाचायच्या, आणि आणखी चांगल्या कशा होतील ते सांगायचं. दोन वर्षांनी पदवीसाठीच्या संग्रहाखाली मार्गदर्शक म्हणून सही करायची. बस्स."

मार्लिसने डायरी उघडली. मग म्हणाली, "मंगळवारी दहाला ये."

मंगळवारमागून मंगळवार गेले. मार्लिस वाचायची, तिचा आवाज ओळीच्या मध्येच फाटायचा, आणि ट्वायला हाताची घडी घालून ते ऐकायची. वर्गातही ती त्याच कविता न्यायची. एकदा एका मुलीने विचारलं, "ही बाई आहे तरी कोण? भलतीच नीच दिसते." टेबलाच्या टोकाशी बसलेली मार्लिस म्हणाली, "ते राहू दे. तिसरी ओळ सैल आहे, ती बघ." ट्वायलाला त्या रात्री गाढ झोप लागली.

दुसऱ्या हिवाळ्यात ट्वायलाने पोस्टाच्या दारातल्या त्या दिवसावरची कविता आणली. तीत पाकीट लपवणारी बाई गाडीत बसून ढसाढसा रडते. मार्लिसने ती वाचली आणि पेन्सिल खाली ठेवली.

"ही खोटी आहे."

"तू मला खोटं-खरं शिकवणार?"

"त्यासाठीच तर तू मला निवडलंस. मी रडले नव्हते, ट्वायला. माझं पाकीट टाकलं, तुझं हातातच राहिलं. परत गाडीत आले तर इतकं हलकं वाटलं, इतकी भूक लागली की हायवेवरच्या हॉटेलात जाऊन चेरी-पायचा गोड, गरम तुकडा खाल्ला. वर आणखी एक मागवला. तुला माझे अश्रू हवेत म्हणून तू ते घातलेस. काढून टाक."

ट्वायलाला समोरचा कप तिच्या अंगावर फेकावासा वाटला. पण घरी जाऊन तिने चेरी-पायचे ते दोन तुकडे लिहिले. ती कविता तिच्या हातून उतरलेली सगळ्यात चांगली कविता होती. मार्लिसशिवाय ती झाली नसती, हे कळल्यावर तिचं डोकं आणखी भणभणलं.

मे महिन्यात सहीचा कागद समोर आला.

"हे छापून आलं तर लोक मला ओळखतील," मार्लिस म्हणाली.

"ओळखू देत."

"गावातसुद्धा? माझी आई आहे तिथे."

आई. वडील आजारी असताना दर गुरुवारी ओव्हनमधून काढलेलं बटाट्याच्या हॉटडिशचं गरम भांडं घेऊन येणारी म्हातारी. ट्वायलाचं मन क्षणभर अडखळलं.

"सही कर," ती म्हणाली.

मार्लिसने सही केली. "फिटलं आता?"

"नाही," ट्वायला म्हणाली आणि कागद उचलून बाहेर पडली.

पुस्तक वर्षभरात निघालं. त्यात कुठेही नाव नव्हतं, पण गाडीचा रंग, चर्चचं तळघर, गावचं पोस्ट, सगळं होतं. गावच्या वाचनालयात ट्वायलाने त्या कविता वाचल्या तेव्हा खुर्च्या कमी पडल्या. मार्लिसची आई दुसऱ्या रांगेत, पर्स मांडीवर धरून बसली होती. चेरी-पायची कविता संपली. व्हर्नने मागून हात वर केला.

"इतकं चांगलं लिहायला तुला शिकवलं तरी कुणी?"

ट्वायलाने म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी मान हलवत होती. नको, नको.

"मार्लिस ट्वेटने," ट्वायला स्पष्ट आवाजात म्हणाली. "एक-एक ओळ तिने माझ्याबरोबर बसून तपासली."

म्हातारी उठली, कोटाची बटणं न लावताच रांगेतून वाट काढत दाराकडे गेली. कुणीतरी तिच्यासाठी दार उघडलं. थंड वाऱ्याने टेबलावरचे कागद उडाले. ट्वायलाने ते गोळा केले, नीट लावले आणि पुढची कविता वाचायला घेतली.