चौदावी सही

"मिस्त्री, सही ठोका आणि मोकळे व्हा बघू. तेरा जणांनी केलीय, तुमची एकट्याचीच राहिलीय." साहेबांनी कागद पुढे सरकवला.

कागदावर एकच वाक्य होतं, 'मी हो वर शिक्का मारला'. खाली तेरा सह्या. त्यातली एक धडधडीत खोटी होती. ते साहेबांना ठाऊक होतं, मिस्त्रींना ठाऊक होतं, आणि ज्याची होती त्याला तर होतंच होतं.

झालं होतं असं. दर पाच वर्षांनी देशाच्या अध्यक्षांसाठी मतदान व्हायचं. नाव एकच, गोल दोन, 'हो' आणि 'नाही'. ज्यानं त्यानं आपल्या कामाच्या जागी मत द्यायचं. शहराला पाणी सोडणाऱ्या या पंपघरात माणसं चौदा, त्यामुळे पेटीतून दर वेळी चौदा 'हो' निघायचे. यंदा तेरा निघाले आणि एक 'नाही'. साहेबांनी तो कागद उलटासुलटा केला, उजेडात धरून पाहिला. 'नाही' काही हलेना.

संशय पंप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींवर गेला, तो चष्म्यापायी. बाकीचे पडद्याआड गेले नि आले. मिस्त्री मात्र चांगली दोन मिनिटं आतच. चष्मा हत्यारांच्या पिशवीत राहिलेला. शिक्का भलत्याच गोलात पडला तर घरादाराचं वाटोळं व्हायचं, या धास्तीनं ते कागद नाकाला लावून अक्षरं लावत बसले होते. तीनदा खात्री केली आणि मग 'हो'वर मारला. एवढा घाबरट माणूस पंपघरात दुसरा नव्हता, आणि आळ आला तो त्यांच्यावर! आता याला काय म्हणायचं?

पहिल्या दिवशी त्यांनी शपथा घेतल्या. पण कुणी ऐकतंय थोडंच! डबा खायला त्यांच्या शेजारी कुणी बसेना. आणि तरी, कुणाचं लक्ष नाही असं बघून एकेक जण जवळ यायचा. तेलपाण्याचं बघणाऱ्यानं आडोशाला त्यांचा हात दाबला, "मानलं बुवा तुम्हाला," म्हणाला आणि सटकला. फिटरच्या तर डोळ्यांत पाणी आलं. "माझी हिंमत नाही झाली हो." असे सात जण झाले. चौदातले सात! अरे शहाण्यांनो, मग पेटीत का नाही टाकलंत, असं मिस्त्रींच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी तरी कुठं टाकलं होतं? त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आणखीच पंचाईत. तीस वर्षं "तुमच्यानं काही व्हायचं नाही" म्हणत आलेली बायको त्या संध्याकाळी चहा हातात देऊन समोर बसली.

"फिटरची बायको सांगत होती. खरं का हो?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं. ती त्यांच्याकडे असं काही बघत होती, की ते तसंच मिटलं.

"माझ्या भावाला पोलिसांनी उचलून नेलं, तेव्हा आख्ख्या गल्लीत कुणी तोंडातून शब्द काढला नाही," ती म्हणाली. "तुम्हीसुद्धा नाही. इतकी वर्षं मनात धरून होते मी. आता नाही धरत."

झालं. मग कसलं खरं सांगतात! चार दिवस ते खाली मान घालून जेवत होते, आणि आज हा कागद पुढ्यात आला.

"सही केली की काय होईल, साहेब?" मिस्त्रींनी विचारलं.

"काय व्हायचंय? चौदाही जणांचं लेखी 'हो' आलं, म्हणजे मोजणीत चूक. हा 'नाही'चा कागद फाडतो, वर चौदा कळवतो, विषय मिटला." साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. "अहो, माझाही जीव टांगणीला लागलाय. मला विचारतात, तुमच्याकडेच कसा निघाला?"

"आणि नाही केली तर?"

"तर तो तुम्हीच. नोकरी गेली, क्वार्टर गेलं. पुढचं माझ्या हातात नाही."

वाक्य तर खरंच होतं. सही करायला काही म्हणता काही हरकत नव्हती. मिस्त्रींनी पेन उचललं. साहेबांच्या कोपराजवळ ते मत पडलं होतं. शिक्का तिरका, फिकट. मारणाऱ्याचा हात लटलट कापला असणार. आख्ख्या पंपघरातून तेवढं एक निघालं होतं, आणि ते फाडायला आता फक्त त्यांची सही कमी होती.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ते मत माझं, साहेब."

"वेड लागलंय का मिस्त्री? मला माहितीय ते तुमचं नाही. तुमच्यात कुठली एवढी..."

"माझंच आहे. तेरा आणि एक, असंच कळवा."

भर दुपारी नवरा दारात बघून बायको चपापली. मिस्त्री चपला न काढताच खाली बसले.

"ऐक. त्या दिवशी मी 'हो'वरच मारला होता शिक्का. तुझ्याशी खोटं वागलो."

तिचा चेहरा पडला.

"मग आज सही करून आलात?"

"नाही. आज 'नाही' म्हणून आलो." त्यांनी रिकामा खिसा चाचपला. "चाव्या काढून घेतल्या. क्वार्टर उद्या सोडायचंय. मला फार भीती वाटतेय गं."

तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला, चांगला दाबून. मग उठली, माळ्यावरची ट्रंक ओढली आणि कपडे भरायला घेतले. त्यांचा स्वेटर, टॉवेल आणि रक्तदाबाच्या गोळ्या मात्र तिनं एका लहान पिशवीत वेगळ्या घातल्या.

"ही कशाला?" मिस्त्रींनी विचारलं.

"न्यायला येतात ना, तेव्हा काही भरून घ्यायला वेळ देत नाहीत," ती म्हणाली, आणि पिशवी दाराशी, त्यांच्या हाताला येईल अशी ठेवली.