शंभरची लेन्स

मी जुनी लेन्स आहे, मित्रांनो, आणि जरा मानी आहे. मुलुंडच्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमधल्या सूक्ष्मदर्शकाला आम्ही चौघी बहिणी लटकलो आहोत: चारपट मोठं दाखवणारी चारची, मग दहाची, चाळीसची आणि मी, शंभरची. बारीकात बारीक दिसतं ते मलाच. पण माझे लाड करावे लागतात. काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकल्याशिवाय मला नीट दिसत नाही, आणि काम झालं की मऊ कागदाने मला पुसावं लागतं.

लॅबच्या तंत्रज्ञ नलिनीताईंनी हे लाड बावीस वर्षं पुरवले. तापाच्या रुग्णाचं रक्त आलं की त्या मलाच फिरवून खाली आणत. "लेन्स आपल्या सोयीने निवडायची नसते, आजाराच्या सोयीने निवडायची," हे त्यांनी हाताखालच्या सुबोधला हजारदा सांगितलं. मलेरियाचे जंतू तांबड्या पेशीत अंगठीसारखे बसतात, इतके बारीक की चाळीसचीला ते सहज चकवतात.

ताई निवृत्त झाल्या आणि माझे दिवस फिरले. सुबोध मनाचा वाईट नाही हो, पण कामाचा ढीग आणि वर आळस. माझ्या तोंडावर तेल वाळून पिवळी साय धरली. मग तोच म्हणायचा, "शंभरची धुरकट दाखवते, यार." नाचता येईना, अंगण वाकडं! तो चाळीसचीनेच बघून रिपोर्ट देऊ लागला. मला धडकी भरायची, पण माझं ऐकणार कोण?

गेल्या सोमवारी काचपट्टीवर नाव आलं: नलिनी. ताई स्वतः कांजूरमार्गहून आल्या होत्या, तीन दिवसांच्या तापाने पार गळून गेलेल्या. ताईंची पट्टी म्हणून सुबोधने ती दोनदा बघितली. दोन्ही वेळा चाळीसचीनेच. मी बाजूला आंधळी लटकत होते.

"नीट बघलंस मा रे?" ताईंनी आपल्या कोकणी वळणाने विचारलं.

"दोनदा बघितली, ताई. मलेरिया नाही. आराम करा तुम्ही."

कोणत्या लेन्सने, हे त्यांनी विचारलं नाही. आपण शिकवलेला मुलगा तेवढं विसरेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही. रिपोर्टची घडी पर्समध्ये ठेवून त्या निश्चिंत मनाने घरी गेल्या.

गुरुवारी रुग्णालयातून फोन आला. ताई बेशुद्ध होत्या, जुनी पट्टी पुन्हा तपासून हवी होती. सुबोधने मला स्पिरिटने पुसलं, पाच कागद पिवळे झाले. मग तेलाचा थेंब टाकून त्याने डोळा लावला. जिकडे बघावं तिकडे अंगठ्याच अंगठ्या.

"आहेत, डॉक्टर," तो फोनवर म्हणाला. "खूप आहेत."

"मग सोमवारी काय बघितलंत?"

सुबोधने फोन कानाशी धरूनच चाळीसचीकडे बघितलं.

आता तो मला रोज पुसतो. औषधं सुरू झाली आहेत, पण ताईंनी अजून डोळे उघडलेले नाहीत. मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतही माझ्यासारखी एखादी मळून पडली असेल. तिला पुसा, आणि सोपी पडते म्हणून भलतीच लेन्स निवडू नका. ताई बऱ्या होऊन आल्या की "कोणत्या लेन्सने बघलंस?" म्हणून सुबोधला चांगलं फैलावर घेतील. तो त्या बोलण्यांची वाट बघतो आहे. मीही बघते आहे.