आधी तोंडाची ओळख

ही दोन हजार सोळा सालची गोष्ट. घराखालीच शेंगदाणे भाजायची भट्टी, पण घरात दाणा आणायची बंदी होती. थोरल्याला तीन वर्षं दाण्यापासून जपलं, आणि पहिल्याच घासाला त्याचा गळा सुजला होता. आता धाकटी सहा महिन्यांची झाली, तशी सून दाण्याचं पातळ वाटण घेऊन बसली.

"एकाचं पाहून हौस फिटली नाही का?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, त्याच्या इसबाने फुटलेल्या कातडीतून भट्टीची धूळ आत गेली. शरीराने दाण्याला आधीच वैरी ठरवलं, तोंडाची ओळख मागाहून झाली. हिची आधी तोंडाने होणार. तपासून डॉक्टरांनीच सांगितलंय."

"आणि काही झालं तर?"

"औषध हाताशी आहे. पण भिऊन थांबणार नाही. थांबूनच थोरल्याचं नुकसान केलं आपण."

सासूबाई वाटी ओढायला आल्या, तोवर चमचा पोरीच्या तोंडात गेला होता. दुपार सरेपर्यंत दोघी तिचे ओठ न्याहाळत बसल्या. काहीच झालं नाही.

थोरला अजून औषधाची सुई दप्तरात घेऊन फिरतो. धाकटी येता-जाता दाण्यांचे बकाणे भरते. सासूबाई शेवटपर्यंत नशिबालाच श्रेय देत गेल्या, आणि सुनेने पुढे डॉक्टरांना विचारून नणंदेच्या बाळापुढेही वेळेवर वाटी धरली.