चांगल्या जागी ठेवलेला डबा

मिल बंद पडली तेव्हा बाबूरावांनी आरडाओरड केली नाही. आठ महिन्यांपूर्वी बायको, मनोरमा, गेली तेव्हाही केली नाही. पण महूला लेकीकडे कायमचं राहायला जायचं ठरलं, बांधाबांध सुरू झाली आणि मनोरमाचा नाताळचा डबा सापडेना, तेव्हा मात्र त्यांनी घर डोक्यावर घेतलं.

साधा स्टीलचा डबा. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात घेतलेला. झाकणावर कोरलेलं, ‘मनोरमा, नाताळ १९६७’. लेक निवेदिता म्हणाली, बाबा, तसाच नवा घेऊ. बाबूराव म्हणाले, टेम्पो शनिवारी येणार आहे, आज गुरुवार आहे, डबा घेतल्याशिवाय मी टेम्पोत बसणार नाही.

डबा कुठे गेला असेल हे उघड होतं. मनोरमा कुणाला ना कुणाला काहीतरी पाठवत असायची. नाताळच्या करंज्या, रविवारचं मटण, काहीच नसलं तर नुसती कढी. मिल बंद पडल्यावर तर चाळीतली अर्धी घरं तिच्या डब्यांवर होती. बाबूराव कुरकुरायचे की आपल्या घरात भांडी पाहुणी म्हणून येतात. ती म्हणायची, प्रभूनं पाच भाकरी वाटल्या तर बारा टोपल्या भरून उरल्या. त्यावर बाबूराव म्हणायचे, “टोपल्या परत तरी आल्या. तुझे डबे कुठं येतात?” मागच्या नाताळात करंज्या परातीत दिसल्या म्हणून त्यांनी डब्याची चौकशी केली होती. “आहे चांगल्या जागी,” एवढंच ती म्हणाली होती.

बाबूराव त्याच सकाळी निघाले. शोभनाबाईंकडे मनोरमाचं एक पातेलं निघालं. पण आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही ही सगळ्या चाळीची रीत. शोभनाबाईंनी त्यांना बसवलं, बेसन कालवलं आणि भजी तळून पातेलं भरून दिलं. जनाबाईंकडे वाडगा निघाला, त्यात लाडू आले. पुढच्या दोन घरांतून दोन डबे मिळाले, एकात लोणचं, एकात गरम साबुदाण्याची खिचडी. नाही म्हणायची सोय नव्हती. म्हटलं तर बायका मनोरमाच्या आठवणी काढून रडायला लागत, आणि रडणाऱ्या बाईपेक्षा खिचडी बरी. दुपारपर्यंत दोन्ही हात भरले, पण नाताळचा डबा नव्हता. रस्त्यात एकानं विचारलंही, “काका, क्या भाव दिया?”

ते परत फिरले तेव्हा जनाबाई दारातच उभ्या होत्या. घुटमळत म्हणाल्या की तो झाकणावर नाव असलेला डबा ना, तो दत्तोपंतांकडे आहे.

 दत्तोपंत आणि बाबूराव मिलच्या एकाच खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम, होते. मिलच्या गेटवरच्या सभेत दत्तोपंतांनी त्यांना मॅनेजरचा चमचा म्हटलं, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद. समोरासमोर आले की दोघंही आभाळाकडे बघत जायचे. आणि मनोरमाचे डबे तिथे जात होते!

दत्तोपंत हल्ली पोह्यांचा ठेला लावत. चाळीच्या आसपास सगळ्या परदेशीपुऱ्यात त्यांच्या पोह्यांचं एकच नाव होतं आणि ते चांगलं नव्हतं. दार त्यांनीच उघडलं. चार भांडी घेतलेले बाबूराव बघून नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य बोलले.

“आता फेरी लावतोस काय, भिया?”

“मनोरमाचा डबा दे.”

दत्तोपंत आत गेले. डबा घेऊन आले. आरशासारखा घासलेला होता. अरुंधती, म्हणजे त्यांची बायको, दोन महिने इस्पितळात होती तेव्हा वहिनी रोज डबा आणत होत्या, असं त्यांनी सांगितलं. बाबूरावांना आठवलं, त्याच दोन महिन्यांत मनोरमा रोज संध्याकाळी प्रार्थनेला जात होती. चर्चमध्ये एवढी प्रार्थना कशाची चालते, असं त्यांना तेव्हाही वाटलं होतं.

“मग परत का नाही केलास?”

“खाली डबा कसा परत करणार? मिल बंद, घरात डाळीचे वांधे. भरायला काही नव्हतं यार. ठेला सुरू केला आणि थोड्याच दिवसांत वहिनी गेल्या.”

“मध्ये पोहे भरून द्यायचेस.”

“वहिनींना माझे पोहे?” दत्तोपंत खाली बघत म्हणाले. “एवढे उपकार केले त्यांनी, भिया.”

बाबूरावांना हसू आलं आणि डोळेही भरले. हात भांड्यांनी अडकलेले, त्यामुळे पुसता येईना. शेवटी म्हणाले, “मला दे भरून.”

घरी येऊन त्यांनी पोहे खाल्ले. त्यातली शेव चांगली होती. डबा घासला, पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीत ठेवला. थोड्या वेळानं पेटी उघडली. मग बंद केली. भरून आलेला डबा तसाच उचलून गाव सोडायचं त्यांना जमेना. शुक्रवारी त्यांनी जन्मात पहिल्यांदा शिरा केला. मिलमध्ये सुताला लावायची खळ होती, अगदी तसा झाला.

शनिवारी टेम्पो भरला. निवेदिता पुढे बसली. बाबूराव ठेल्यावर गेले आणि गिऱ्हाइकांदेखत दत्तोपंतांपुढे डबा ठेवला. दत्तोपंतांनी झाकण काढून आत चमचा खोचला. चमचा उभा राहिला.

“हे काय आहे?”

“तुझ्या पोह्यांचं उत्तर.”

“आणि डबा?”

“महूला आणून दे. अरुंधतीवहिनींना घेऊन ये. आणि खाली आणू नकोस.”

“पोहे चालतील?”

 मनोरमाला आठवून बाबूरावांनी मान हलवली, चालतील म्हणून.

टेम्पो निघाल्यावर निवेदितानं विचारलं, बाबा, डबा मिळाला ना? मिळाला, ते म्हणाले. मग कुठे ठेवलात, दिसत नाही तो?

“आहे चांगल्या जागी,” बाबूराव म्हणाले, आणि मांडीवरचा लाडवांचा वाडगा त्यांनी ड्रायव्हरपुढे केला.