आबांचा गांधार

पोलादपुरात पेटी सुरात लावायची तर महिपती आबांकडेच, असं चाळीस वर्षं चाललं. मग आबांच्या कानांनी दगा दिला. कुडपणच्या भजनी मंडळाचे रावजीबुवा पेटी पुढ्यात ठेवून म्हणाले, "ही शेवटची. नाय जमली तर पुढल्या साली महाडला नेऊ."

आबांना ते ऐकूच गेलं नाही. ऐकलं त्यांच्या मुलीनं, नीलानं, आणि तिचं डोकं सणकलं. आबांचं काम असं हातचं जाऊ देईन तर नाव नीला नाही! ती महाडच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. तिनं लॅपटॉपवर सूर ओळखणारा प्रोग्राम लिहिला. पेटीपुढे माइक धरला की पडद्यावर 'पांढरी चार', 'काळी दोन' असं पट्टीचं नाव उमटे. सूर बरोबर तर हिरवं, चुकला तर लाल. दोन दिवस पेटीच्या आतल्या, सूर देणाऱ्या पितळी पत्त्या खरवडून तिनं अख्खी पेटी हिरवी केली.

बुवांनी एक ओळ म्हटली आणि नाक मुरडलं. "सूर हाय गो, पन गोडी नाय. गांधार टोचतो. रविवारी येतो, तवर बघ."

नीला चिडली. मशीन कशाला खोटं बोलेल? पण घरात आबांची स्वतःची पेटी होती, कान शाबूत असताना लावलेली. तिच्यापुढे माइक धरला, तर गांधार लाल! खालचा लाल, वरचाही लाल, दोन्ही सारखेच उतरलेले. चूक अशी मोजूनमापून होते होय? बुवा काळी एकला सा धरून गातात, आबांची पेटीही त्याच सावर लावलेली. इतके दिवस आपला प्रोग्राम परक्याच्या ओंजळीनं पाणी पीत होता, हे तिला कळलं. तिनं इंटरनेटवरून घेतलेले पाश्चात्त्य सुरांचे आकडे पुसले आणि आबांच्या पेटीचे भरले. मग मंडळाची पेटी पुन्हा उघडून, पत्त्या बुडाशी खरवडून एकेक गांधार उतरवला. बोटं सोलली, तरी उठली नाही.

रविवारी बुवा आले आणि गायले. गाता गाता त्यांचे डोळे मिटले. आबांना त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी बुवांना भाता चालू ठेवायची खूण केली, पेटीच्या लाकडावर तळवा टेकला, दुसऱ्या हातानं सा आणि गांधार एकत्र दाबले आणि लाकूड चाचपत राहिले.

"सूर भांडले की लाकूड थरथरतं. हितं थरथर नाय," बहिरी माणसं बोलतात तसे ते मोठ्यानं ओरडले. "माझा गांधार हा! तुला कुनी दिला गो?"

नीलानं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तुम्हीच.'