डावखुऱ्या न्हाव्याची बातमी

वर्तमानपत्राच्या कचेरीत तिला सगळे चाळणी म्हणायचे. कौतुकाने कमी, वैतागाने जास्त. शेवटच्या पानावर नवलाच्या बातम्यांचं एक सदर यायचं. दोन डोक्यांचं कासव, स्वतःच्याच अंत्ययात्रेला हजर झालेला म्हातारा, असलं काहीबाही. लोक पेपर उलटा धरून आधी तेच वाचायचे. त्यातलं खरं कुठलं आणि थाप कुठली, हे ठरवणं चाळणीचं काम. तिच्या हातून आजवर एकही थाप सुटली नव्हती. त्यापायी किती झकास बातम्या केराच्या टोपलीत गेल्या याची गणती नाही, आणि उपसंपादकाने तर तिच्यापुढे केव्हाच हात टेकले होते.

तिची रीत साधी होती. पहिला फोन बातमीतल्या माणसाला. तो काय, तिखटमीठ लावूनच सांगणार. दुसरा त्याच्या शेजाऱ्याला. आणि तिसरा, त्याच्याशी ज्याचं अजिबात पटत नाही त्याला. तिसऱ्याने दातओठ खात का होईना, पण घडलंय खरं असं कबूल केलं, की ती बातमीवर बरोबरची खूण करायची.

थाप हुंगायचं हे नाक तिला दादाने दिलं होतं. लहानपणी जेवताना दादा रोज बातम्या सांगायचा, काही खऱ्या, काही ताटावर बसल्या बसल्या रचलेल्या. ओळखायचं हिने. ती रडकुंडीला यायला लागली तेव्हा दादाने सवलत दिली: थापेत एक डावखुरा न्हावी असेल. बोटीवर असेल, तुरुंगात असेल, राजवाड्यात असेल, पण असेल. "खूण ठेवली तर ती थाप," तो म्हणायचा. "नाही ठेवली तर ते खोटं. आणि खोटं आपण बोलत नाही."

याच दादाचं पुढे एकदा बाबांशी वाजलं. कशावरून, ते आता धड सांगताही येत नाही. तो पिशवी घेऊन निघाला. आईने दारात विचारलं, कुठे रे? तर म्हणाला, "डावखुऱ्या न्हाव्याकडे केस कापून येतो." आई हसली. चाळणीला मात्र हसू आलं नाही. तो येणार नाही हे तिला तिथेच कळलं होतं. बाबा वाट बघत बघत गेले. आईला त्या खुणेचा अर्थ ठाऊक होता की नाही, हे विचारायचा धीर तिला कधी झाला नाही.

आणि आज टेबलावर बातमी आली होती. दूरच्या एका लहान गावात रोज दुपारी एक बदक रस्ता ओलांडून केस कापायच्या दुकानात शिरतं, रिकाम्या खुर्चीवर चढतं आणि आरशात बघत बसतं, असं तिथल्या डावखुऱ्या न्हाव्याने सांगितलं.

चाळणीने ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. न्हावी डावखुरा आहे हे बातमीत कोण लिहितं? ही थाप होती. दादाची थाप. म्हणजे तो कुठेतरी आहे, तिचं सदर वाचतोय, आणि तिला हाक मारतोय. तिला त्याची फार आठवण आली. पडताळल्याशिवाय घरी बोलायचं नाही हा तिचा स्वतःचाच नियम होता, पण तो मोडून तिने आईला फोन करून बातमी वाचून दाखवली.

आईने न्हाव्याची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "थापच असेल ती. तू बघ नीट."

म्हणजे आईला ठाऊक होतं. इतकी वर्षं.

जन्मात पहिल्यांदाच चाळणी बातमी थाप निघावी म्हणून फोन फिरवत होती. पहिल्याच फोनवर न्हावी भेटला. हो, डावखुराच आहे मी, म्हणाला. केस कापताना बातमीदाराच्या कानाला कात्री लागली होती, त्याचा राग बातमीदाराने 'डावखुरा' या एका शब्दात काढला होता. बदकाची जोडीदारीण ट्रकखाली गेली होती, तेव्हापासून ते आरशापाशी येऊन बसतं. दुसरा फोन शेजारच्या शिंप्याला. तो बदकाने केलेल्या घाणीबद्दलच बोलत राहिला. तिसरा समोरच्या सलूनवाल्याला. "आहे खरं," तो तोंड वाकडं केल्यासारखा म्हणाला. "माझा आरसा त्याच्यापेक्षा मोठा आहे. पण माझ्याकडे नाही येत."

तिने न्हाव्याला पुन्हा फोन लावला आणि विचारू नये ते विचारलं. दादासारखा भुवईवर व्रण असलेला एखादा माणूस कधी केस कापायला आला होता का? न्हावी भला माणूस होता. आठवून बघितलं त्याने, मग नाही म्हणाला.

टोपली पायाशीच होती. बातमी त्यात टाकली की झालं. उद्या पेपरात दिसली नाही की आई समजेल, थाप होती, पोरगा आहे कुठेतरी. कुणाचं काही बिघडणार नव्हतं. चाळणीने कागद हातात धरलाही. पण ते खोटं झालं असतं, बिनखुणेचं, आणि आईशी तसलं बोलायला तिची जीभ रेटेना. तिने बरोबरची खूण केली आणि तोंड धुवायला उठली.

सकाळी आईने पेपर उलटा धरला. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चाळणी चहाचा कप घेऊन दारातच उभी राहिली.

"खरी निघाली आई," ती कशीबशी म्हणाली. "तिन्ही फोन केले मी."

आईने मान हलवली. बातमीवरून तिने बोट फिरवलं.

"म्हणजे असा न्हावी असतो," ती म्हणाली.

"हो."

"मग केस कापायलाच गेलाय तो," आई म्हणाली. "लांब पडलं असेल गं त्याला."